पडद्यावर थांबलेली सुपरहिरोंची गोष्ट कॉमिक्समध्ये पुढे कशी वाचावी

१९७८ च्या 'सुपरमॅन' चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे. क्लार्क केंट लोइस लेनच्या घरी आलाय आणि ती क्षणभर आत गेलीय. क्लार्क चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, खांदे मागे जातात, आवाज भारदस्त होतो. अंगावर तोच कोट, तोच टाय, पण उभा असतो सुपरमॅन. मग त्याचा धीर सुटतो. चष्मा परत डोळ्यांवर, खांदे परत खाली. क्रिस्टोफर रीव्हने हे जे काही सेकंदांत केलंय, ते मी आजवर किती वेळा पाहिलं असेल याला गणती नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये डीसी या अमेरिकन कॉमिक्स प्रकाशन संस्थेने याच चित्रपटाच्या जगात घडणारं 'सुपरमॅन '७८' हे कॉमिक काढलं, तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो हाच: हे खांदे कागदावर कसे काढणार?

अशी कॉमिक्स आता बरीच झाली आहेत. १९६६ च्या बॅटमॅन मालिकेची, लिंडा कार्टरच्या 'वंडर वुमन'ची, दिग्दर्शक टिम बर्टनच्या बॅटमॅनची, 'स्मॉलव्हिल'ची. पडद्यावर जी गोष्ट थांबली ती पानांवर पुढे जाते, त्याच चेहऱ्यांनिशी. पण उत्साहाने एखादा संग्रह आणून निराश झालेले वाचकही मला भेटतात. "पात्रं ओळखीची, पण गोष्टीत शिरता येईना," असं ते म्हणतात. बहुतेक वेळा दोष कॉमिकचा नसतो, सुरुवात चुकीच्या जागेवरून झालेली असते. सुतारकामात दोन फळ्या जिथे जोडल्या जातात त्याला सांधा म्हणतात. इथेही पडदा आणि पान यांच्यात एक सांधा असतो. तो सापडला की पुढचं वाचन सोपं होतं. तो कसा शोधायचा आणि त्यानंतर काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: हातातलं पुस्तक नक्की काय आहे ते बघा

चित्रपटाच्या नावाची सगळीच कॉमिक्स पुढची गोष्ट सांगत नाहीत. १९८९ चा 'बॅटमॅन' प्रदर्शित झाला त्याच वर्षी डीसीने त्याचं कॉमिक रूपांतर काढलं होतं. लेखन डेनिस ओ'नील, चित्रं जेरी ऑर्डवे. सुरेख पुस्तक आहे, पण त्यात चित्रपटाचीच गोष्ट आहे. 'बॅटमॅन '८९' हे पूर्णपणे वेगळं पुस्तक, २०२१ मध्ये सुरू झालेलं आणि चित्रपटांच्या पुढे जाणारं. मी ऑनलाइन मागवलं एक आणि घरी आलं दुसरं, असं माझ्या बाबतीत झालं आहे. विक्रेत्याने मुखपृष्ठ एका पुस्तकाचं लावलं होतं आणि माहिती दुसऱ्याची दिली होती. तेव्हापासून मी नुसत्या चित्रावर विसंबत नाही. लेखक-चित्रकारांची नावं, प्रकाशनाचं वर्ष आणि संग्रहात कोणते अंक आहेत ही ओळ, एवढं वाचल्याशिवाय पैसे भरत नाही.

शीर्षकातला आकडा मूळ कलाकृतीचं वर्ष सांगतो, आणि कधीकधी त्याहून जास्त काही. 'वंडर वुमन '७७' चंच बघा. लिंडा कार्टरची मालिका १९७५ ते १९७९ चालली, मग ७७ कशासाठी? सुरुवातीची मालिका दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडते. १९७७ मध्ये ती एबीसीवरून सीबीएस वाहिनीवर गेली आणि कथा तेव्हाच्या वर्तमानात आली. कॉमिक या दुसऱ्या पर्वाला जोडलेलं आहे. म्हणजे त्या आकड्यातच सांगून टाकलंय की नाझींशी लढणारी डायना, म्हणजे वंडर वुमन, इथे शोधू नका, सत्तरच्या दशकातली शोधा.

दुसरी पायरी: सांधा शोधा

इथे घाई करू नका. स्वतःला तीन प्रश्न विचारा. कॉमिक कोणत्या क्षणानंतर सुरू होतं? पडद्यावरचं काय काय ते मान्य करतं? आणि काय बाजूला ठेवतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं.

'बॅटमॅन '८९' हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. बर्टनचे दोन चित्रपट आले, १९८९ चा 'बॅटमॅन' आणि १९९२ चा 'बॅटमॅन रिटर्न्स'. १९९५ च्या तिसऱ्या चित्रपटात दिग्दर्शक बदलला, नायक बदलला, सगळा रंगच बदलला. कॉमिक पहिले दोन चित्रपट धरतं आणि तिसरा घडलाच नाही असं मानून स्वतःची वाट काढतं. यामागे मोठं कारण आहे. पहिल्या चित्रपटात हार्वी डेंटची लहानशी भूमिका बिली डी विल्यम्सने केली होती. कॉमिक्स वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हा सरकारी वकील पुढे टू-फेस, म्हणजे नाणं उडवून निर्णय घेणारा खलनायक, होणार. पण १९९५ मध्ये टू-फेस पडद्यावर आला तेव्हा भूमिका टॉमी ली जोन्सकडे गेली होती. विल्यम्सच्या डेंटची गोष्ट सुरू होऊन तशीच लटकत राहिली, आणि ती तीस वर्षांहून अधिक काळ लटकत होती. 'बॅटमॅन '८९' ती पूर्ण करतं. लेखक आहे सॅम हॅम, म्हणजे १९८९ च्या पटकथेच्या दोन लेखकांपैकी एक. दुसऱ्या चित्रपटाच्या कथेतही त्याचा वाटा होता. ज्याने धागा सोडला त्यानेच तो परत उचलला.

दुसरा लटकता धागा बॅटमॅनच्या साथीदाराचा, रॉबिनचा. बर्टनच्या काळात मार्लन वेयन्सची रॉबिनसाठी निवड झाली होती, पण ती भूमिका कधी पडद्यावर आली नाही. चित्रकार जो किन्योनेसने कॉमिकमधल्या रॉबिनला त्याच्याशी मिळताजुळता चेहरा दिला. या कॉमिकचा प्रस्ताव आधी एकदा नाकारलाही गेला होता. किन्योनेसने तेव्हाची रेखाटनं लोकांसमोर ठेवली, लोकांनी ती डोक्यावर घेतली, आणि काही वर्षांनी पुस्तक प्रत्यक्षात आलं. हे माहीत असेल तर पानोपानी कळत राहतं की इथे कुणीतरी जुनी उधारी फेडतंय. माहीत नसेल तर तुम्ही निव्वळ आणखी एक बॅटमॅन कॉमिक वाचता.

'स्मॉलव्हिल'चा सांधा वेगळ्या प्रकारचा आहे. तरुण क्लार्क केंटची ही मालिका २००१ ते २०११, दहा सीझन चालली. सुरुवातीपासून निर्मात्यांचा नियम होता: पोशाख नाही, उड्डाण नाही. दहा वर्षं थांबलेल्या प्रेक्षकाला शेवटच्या भागातही क्लार्क झालेला टॉम वेलिंग सुपरमॅनच्या पूर्ण पोशाखात नीट बघायला मिळाला नाही. दुरून दिसणारी आकृती आणि शर्ट फाडून उघडणारं ते चिन्ह, एवढंच. एप्रिल २०१२ मध्ये सुरू झालेलं 'स्मॉलव्हिल सीझन ११' त्या शेवटानंतर काही महिन्यांनी उघडतं, आणि क्लार्क उडतोय! लेखक ब्रायन क्यू. मिलर मूळ मालिकेच्या लेखकवर्गातला, त्यामुळे संवादांची ढब तीच राहते. शेवटच्या भागात टेस मर्सर मरताना क्लार्कचा शत्रू लेक्स लूथर याची स्मृती पुसून टाकते. कॉमिकमध्ये त्याच धाग्यातून टेस लेक्सच्याच डोक्यात येऊन बसते. शेवटचा भाग न पाहता हे वाचलं तर काहीच अर्थ लागणार नाही.

'सुपरमॅन '७८' साठी पहिला चित्रपट पुरेसा आहे. 'बॅटमॅन '६६' ला तर सांधा जवळजवळ नाहीच, कारण मूळ मालिकेलाही सलग कथानक नव्हतं. तिथे कुठूनही आत शिरता येतं.

तिसरी पायरी: लागेल तेवढंच पाहा, पण नीट पाहा

सगळी मालिका पाहिल्याशिवाय कॉमिकला हात लावायचा नाही, अशी शपथ घेऊ नका. १९६६ च्या बॅटमॅनचे १२० भाग आहेत आणि 'स्मॉलव्हिल'चे दोनशेहून अधिक. शपथ मोडेल आणि कॉमिक तसंच राहील.

'सुपरमॅन '७८' साठी पहिला चित्रपट पूर्ण पाहा. क्रिप्टॉनवरचा, म्हणजे सुपरमॅनच्या जन्मग्रहावरचा, सुरुवातीचा भाग पळवत पुढे जाऊ नका, कॉमिकला तोच सगळ्यांत जास्त लागतो. 'बॅटमॅन '८९' साठी दोन्ही चित्रपट, आणि पहिल्यात डेंट दिसेल तिथे थोडं थांबा. 'बॅटमॅन '६६' साठी १२ आणि १३ जानेवारी १९६६ ला दाखवलेले पहिले दोन भाग, त्याच वर्षीचा चित्रपट आणि तिसऱ्या सीझनचा पहिला भाग, ज्यात बॅटगर्ल येते. 'स्मॉलव्हिल'साठी किमान पहिला भाग आणि दहावा सीझन.

पाहताना एक वही जवळ असू द्या. कथा लिहून काढायची नाही, लकबी टिपायच्या. १९६६ च्या मालिकेत खलनायकाच्या अड्ड्यावर कॅमेरा तिरका होतो, सगळी खोली कलल्यासारखी दिसते. त्यातला बॅटमॅन अॅडम वेस्ट सर्वांत हास्यास्पद वाक्यही न्यायाधीशाच्या गांभीर्याने बोलतो, आणि त्या गांभीर्यावरच सगळी मालिका उभी आहे. लिंडा कार्टर दोन्ही हात पसरून गिरकी घेते आणि प्रकाशाच्या झोतात तिचा वेश बदलतो. बर्टनचा बॅटमॅन मायकल कीटन कमी बोलतो आणि डोळ्यांनी काम करतो. अशा सात-आठ नोंदी झाल्या तरी खूप झाल्या. पाचव्या पायरीत त्या कामाला येतील.

चौथी पायरी: कोणत्या रूपात घ्यायचं

यातली काही कॉमिक्स छापण्याआधी डिजिटल स्वरूपात आली. 'स्मॉलव्हिल सीझन ११', 'बॅटमॅन '६६' आणि 'वंडर वुमन '७७' ही तिन्ही तशीच. दर खेपेला दहाएक पानांचं छोटं प्रकरण यायचं, आणि अशी प्रकरणं एकत्र करून छापील अंक निघायचा. याचा परिणाम पानाच्या रचनेवर झाला आहे. ही पानं आडव्या स्क्रीनसाठी काढलेली आहेत. कागदावर तशी दोन आडवी पानं एकाखाली एक बसवली जातात. छापील प्रत उघडून बघा, बहुतेक पानांवर बरोबर मध्यावर एक आडवी पांढरी पट्टी दिसेल आणि क्वचितच एखादी चौकट ती ओलांडेल. आणि दर दहा पानांनी गोष्ट उत्कंठेच्या टोकावर येऊन थांबते. हे ठाऊक नसेल तर छापील अंकाची लय सारखी अडखळल्यासारखी वाटते.

'बॅटमॅन '६६' च्या डिजिटल आवृत्तीत आणखी एक गंमत होती. स्क्रीनला टिचकी मारली की त्याच चौकटीत काहीतरी बदलायचं. आधी ठोसा, मग आवाजाचं मोठं अक्षर, मग उडालेला गुंड. कागदावर ती मजा उरत नाही. तरीही मी छापीलच सुचवेन, कारण पहिल्या अंकाचा चित्रकार जोनाथन केस याने जुन्या स्वस्त छपाईसारखे ठिपक्यांचे रंग भरलेत आणि माइक ऑलरेडची मुखपृष्ठं भिंतीवर लावावीत अशी आहेत. भाच्याला मी डिजिटल दिलं, स्वतः छापील वाचलं, आणि दोघांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

आपल्याकडे सुटे अंक शोधत बसू नका. ते परदेशातून मागवायचे म्हणजे सहा अंकांच्या मालिकेला संग्रहापेक्षा जास्त खर्च येतो आणि एखादा अंक हमखास राहून जातो. 'सुपरमॅन '७८' आणि 'बॅटमॅन '८९' यांच्या पहिल्या मालिका प्रत्येकी सहा अंकांच्या आहेत आणि एकेका पुस्तकात मावतात. 'बॅटमॅन '६६' चे छापील ३० अंक आहेत, म्हणून आधी पहिला खंड घ्या आणि आवडला तरच पुढे जा. 'स्मॉलव्हिल'चे खंड मात्र क्रमानेच वाचावे लागतात, त्यामुळे पहिला खंड 'गार्डियन' मिळत असेल तरच सुरुवात करा. अधलामधला खंड स्वस्तात दिसला म्हणून उचलू नका.

डिजिटल घ्यायचं तर लक्षात ठेवा, कॉमिक्सॉलॉजी या डिजिटल कॉमिक्सच्या दुकानाचं स्वतंत्र अॅप २०२३ च्या डिसेंबरमध्ये किंडलमध्ये विलीन झालं. फोनच्या छोट्या पडद्यावर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय वापरावीच लागते, पण आधी अख्खं पान एकदा डोळ्यांखालून घाला. चित्रकाराने पान एकसंध रचलेलं असतं.

पाचवी पायरी: कानाने वाचा

पहिल्या वाचनात गोष्ट वाचा आणि बाकी काही करू नका. दुसऱ्या वाचनात वही उघडा.

'सुपरमॅन '७८' मध्ये क्लार्कच्या संवादांच्या फुग्यांमधली वाक्यं रीव्हच्या आवाजात मनातल्या मनात म्हणून बघा, तीच अडखळणारी सुरुवात, तोच घाईत संपणारा शेवट. मग सुपरमॅनची वाक्यं म्हणा. विल्फ्रेडो टॉरेस फार कमी रेषांत काम करणारा चित्रकार आहे. तो रीव्हच्या फोटोची नक्कल करत नाही, शरीर पकडतो. एकाच अंकातला क्लार्क आणि सुपरमॅन शेजारी ठेवा आणि फक्त खांदे बघा. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं.

या कॉमिकचा गाभा सांगण्यासाठी एक गोष्ट उघड करावी लागेल. स्वतःच शोधायची असेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा. चित्रपटात सुपरमॅनकडे वडिलांचा केवळ मुद्रित केलेला आवाज आणि चेहरा असतो. मार्लन ब्रँडोचा जोर-एल स्फटिकांतून बोलतो, उपदेश करतो, पण मुलाला मिठी मारू शकत नाही. लेखक रॉबर्ट वेन्डिटीने खलनायक म्हणून ब्रेनिअॅक आणला, कारण ब्रेनिअॅक जगांमधली शहरं छोटी करून जपून ठेवतो. शहर वाचावं म्हणून सुपरमॅन त्याच्या स्वाधीन होतो, आणि ब्रेनिअॅकच्या संग्रहातल्या कॅंडोर या क्रिप्टॉनच्या शहरात त्याला जोर-एल आणि आई लारा भेटतात, जिवंत. १९७८ मध्ये जे अंतर पार होणं शक्य नव्हतं ते इथे पार होतं. त्यासाठीच क्रिप्टॉनचा भाग नीट पाहायला सांगितलं होतं. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर ५ जुलै २०२१ ला गेले आणि पुढच्याच महिन्यात हा पहिला अंक आला. मी तो वाचायला घेतला तेव्हा ही गोष्ट मनातून जात नव्हती.

'बॅटमॅन '६६' वाचताना उलटा प्रवास लक्षात घ्या. पडद्यावर मारामारीच्या वेळी झळकणारी 'पाव', 'झॅप' ही अक्षरं कॉमिक्समधूनच उचललेली होती. आता ती परत कागदावर आली आहेत. लेखक जेफ पार्करला अॅडम वेस्टचं गांभीर्य बरोबर कळलंय, त्याचा बॅटमॅन कधीही डोळा मिचकावत नाही. मालिकेच्या वेळी दूरचित्रवाणीच्या खर्चात न बसणारी दृश्यं इथे मनमोकळी आहेत, पण पार्कर ती जपून वापरतो आणि म्हणून ती शोभतात.

ही सगळी कॉमिक्स इंग्रजीत आहेत. घरातल्या मुलांना वाचून दाखवायची तर जागच्या जागी मराठी करावं लागतं. रॉबिनच्या त्या प्रसिद्ध 'होली'ने सुरू होणाऱ्या उद्गारांना आम्ही बरेच पर्याय लावून पाहिले. शेवटी 'अरे देवा' ठरलं, आणि त्यापुढे प्रसंगाप्रमाणे काहीही: अरे देवा, वटवाघळांची जत्रा! मुलं ते स्वतः बनवायला लागली की समजा, त्यांना मालिकेचा सूर सापडला.

सहावी पायरी: भेटीगाठी नंतर

एका जगातला नायक दुसऱ्या जगातल्या नायकाला भेटतो, अशी क्रॉसओव्हर कॉमिक्स या घराण्यात पुष्कळ आहेत. त्यांनी सुरुवात करू नका, कारण त्यांना दोन-दोन सांधे असतात. बॅटमॅन आणि ग्रीन हॉर्नेट यांच्या २०१४ च्या कॉमिकआधी मूळ मालिकेतले मार्च १९६७ चे दोन भाग पाहावे लागतात. त्यात व्हॅन विल्यम्सचा ग्रीन हॉर्नेट आणि ब्रूस लीचा केटो बॅटमॅनच्या गॉथम शहरात येतात. 'बॅटमॅन '६६' आणि 'वंडर वुमन '७७' यांची भेट तर महायुद्धाच्या काळापासून सत्तरच्या दशकापर्यंत पसरली आहे. तिथे मात्र लिंडा कार्टरचं १९७५ चं युद्धकाळातलं पर्वही थोडं पाहून ठेवा.

सातवी पायरी: दोन पुढच्या गोष्टी एकमेकींशी जुळवू नका

२०२३ च्या 'द फ्लॅश' चित्रपटात कीटनचा म्हातारा बॅटमॅन परत आला. तो आणि 'बॅटमॅन '८९' एका रांगेत बसवायचा प्रयत्न केला तर डोकं दुखेल. नव्वदच्या दशकातल्या 'एक्स-मेन' कार्टूनचंही तेच. 'एक्स-मेन '९२' या नावाने मार्व्हलने २०१५ पासून कॉमिक्स काढली, आणि २०२४ मध्ये 'एक्स-मेन '९७' हे कार्टून वेगळ्याच वाटेने पुढे गेलं. एकाच सांध्यावरून फुटलेल्या दोन फांद्या म्हणून दोन्ही वाचा-बघा. खरी कोणती, या वादात पडलात तर दोन्हींचा आनंद जाईल.

कार्टूनवरून निघालेली कॉमिक्स सोपी जातात, कारण चित्रातून चित्रात जायचं असतं. १९९२ च्या बॅटमॅन कार्टूनचे लेखक पॉल डिनी आणि अॅलन बर्नेट यांनी २०२० मध्ये 'बॅटमॅन: द अॅडव्हेंचर्स कंटिन्यू' सुरू केलं. ज्यांचं लहानपण त्या कार्टूनवर गेलं त्यांनी वरच्या कुठल्याही पायरीची वाट न पाहता ते उचलावं.

पहिला संग्रह संपला की पुढे काय, असं विचाराल तर माझी एक आवडती जोडी आहे. १९६६ च्या मालिकेसाठी हार्लन एलिसनने टू-फेसची एक कथा लिहून दिली होती, पण ती कधी चित्रित झाली नाही. २०१४ मध्ये लेन वाइनने तिचं कॉमिक केलं आणि चित्रं काढली होजे लुइस गार्सिया-लोपेझने. पुस्तकाचं नाव 'बॅटमॅन '६६: द लॉस्ट एपिसोड'. ते वाचा आणि लगेच 'बॅटमॅन '८९' परत उघडा. दोन्हीकडे हार्वी डेंट आहे, दोन्हीकडे तो पडद्यावर व्हायचा राहून गेलेला टू-फेस आहे, एक रंगीबेरंगी दुपारी आणि एक बर्टनच्या काळ्याभोर रात्री. नाणं हवेत उडतं त्या दोन चौकटी शेजारी ठेवून पाहा.